राजरत्नदादाची फाईल

मुंबईत थोर व्हायला फार काही लागत नाही, एक फ्लेक्स पुरतो. वाढदिवसवाले भाऊ, त्यांना शुभेच्छा देणारे दुसरे भाऊ, आणि खाली पासपोर्टच्या आकारात दहा-बारा छोटे भाऊ, असे सगळे नाक्यावर हसत लटकत असतात आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पण परळच्या त्या चाळीसमोर एप्रिल लागता लागता जो फ्लेक्स चढला, त्याच्याखाली लोक थांबत होते. त्यावर एका मुलीचा चष्मा घातलेला, कधी नव्हे तो पावडर लावलेला चेहरा होता. मजकूर असा: ‘आपल्या चाळीची कन्या डॉ. अक्षता गौतम तांबे हिने विश्वाच्या उत्पत्तीवर पीएच.डी. मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

आता यातलं बाकी सगळं खरं होतं, फक्त पीएच.डी. मिळाली नव्हती. तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायव्हा, मार्चमध्ये व्हायची, ती परीक्षकांच्या सोयीने मेवर गेली. पण जयंती चौदा एप्रिललाच येते, ती कुणासाठी थांबत नाही. गुणवंतांचा सत्कार तेव्हाच. मंडळाने विचार केला, महिन्याभराचा तर प्रश्न आहे, लावून टाका ‘डॉ.’. अक्षताच्या वडिलांनी, म्हणजे गौतमरावांनी, दोनदा नको नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच फोटो नेऊन दिला. पस्तीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून डॉक्टरांच्या मागे धावलेला माणूस तो. घरातल्या पोरीच्या नावामागे तेच अक्षर लागतंय म्हटल्यावर तो किती ताणून धरणार?

फ्लेक्स नेमका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर आला. अक्षता सकाळी दात घासायला गॅलरीत उभी राहिली की समोर दहा फुटी अक्षता. पहिले दोन दिवस तिला हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून ती मोरीत दात घासायला लागली, कारण त्या आठवड्यातच तिला कळलं होतं की तिचा प्रबंध चुकलाय.

तिचं काम ऐकायला अगडबंब आणि करायला बारीक. विश्व जन्मल्या जन्मल्या एका क्षणात बेफाम फुगलं, असं मानतात. त्या फुगण्यात दोन प्रकारच्या सुरकुत्या पडल्या. एक वस्तुमानातल्या, कुठे दाट कुठे विरळ. त्यांतूनच पुढे तारे, दीर्घिका आणि यथावकाश परळ झालं. त्यांना स्केलर म्हणतात. दुसऱ्या खुद्द अवकाशालाच पडलेल्या, त्या टेन्सर. या दुसऱ्या अजून कुणाला दिसलेल्या नाहीत. पण पहिल्यांच्या मानाने त्या जास्तीत जास्त किती असू शकतात, याची एक मर्यादा दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणींनी घालून दिली आहे. फुगण्याचं तुमचं गणित त्या रेषेच्या आत बसलं तर ते जिवंत, बाहेर गेलं तर मेलं. अक्षताने चार वर्षं घासून ज्या मॉडेलवर काम केलं, ते रेषेच्या जेमतेम आत होतं. ‘हे मॉडेल अजून जिवंत आहे’ हाच तिच्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा.

हे सगळं कम्प्युटरला सांगायचं तर एक छोटीशी फाईल लागते. स्केलर किती, टेन्सर किती, त्यांचा उतार कसा, असे आकडे त्यात भरायचे. आणि प्रत्येक आकडा कुठल्या लांबीवर मोजलाय, तेही लिहायचं. त्या जागेला पिव्होट म्हणतात. दोन पोरांची उंची ताडून बघायची तर दोघांना एकाच फरशीवर उभं करावं लागतं, तितकी साधी गोष्ट. अक्षताच्या फाईलमध्ये एक पोरगं फरशीवर होतं आणि दुसरं जिन्याच्या पायरीवर.

ती जिथे संशोधन करत होती त्या संस्थेतल्या मशीनवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. जुनी फाईल त्यात चालेना, म्हणून तिने सगळे आकडे पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने भरले. उत्तर किंचित जास्त आलं. तिला वाटलं, टाईप करताना चुकलं. परत भरलं, तेच आलं. मग जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून ती ओळ ओळ वाचत गेली आणि टेन्सरच्या पिव्होटपाशी येऊन थांबली. दोन्ही पिव्होट एका जागी आणले की मॉडेल रेषेच्या बाहेर जात होतं. फरक केसाएवढा, पण तिचा सगळा प्रबंध त्या केसावरच उभा होता.

आणि ती जुनी फाईल राजरत्नदादाची होती.

राजरत्न कासारे हा चाळीतला पहिला पीएच.डी. तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत, पंख्याखालच्या कोपऱ्यात बसून तो शिकला. त्याच संस्थेत, अक्षताच्याच गाईड शैला मॅडमच्या हाताखाली त्याने काम केलं. अभ्यासिकेत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्याचा फोटो लावलाय. जिवंत माणसाचा फोटो म्हणून हार तेवढा घातलेला नाही. त्याची आई बकुळामावशी रोज सकाळी अभ्यासिकेचं कुलूप उघडते, फरशी पुसते आणि नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला सांगते, “माझ्या राजाला फॉरेनला बोलावलं होतं रे. गेला नाही. म्हणाला, आईला टाकून कसा जाऊ?” राजरत्न आता कल्याणला राहतो आणि इंजिनियरिंगच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो.

अक्षताला संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा तो मुद्दाम आला होता. पेनड्राईव्ह तिच्या हातात ठेवून म्हणाला, “यात माझं सगळं आहे, अक्षू. पॅरामीटरची फाईल पण आहे. घे.” तिने तो पेनड्राईव्ह कपाळाला लावला नाही एवढंच, कारण घर बुद्धाचं. त्या घरात थोरामोठ्यांचंही तपासून घ्यावं, असं लहानपणापासून शिकवलेलं. तिने मॅडमचं तपासलं, परदेशातल्या प्राध्यापकांच्या पेपरात दोनदा चुका काढल्या. राजरत्नदादाचं मात्र जसंच्या तसं वापरलं. ज्याच्या पाऊलवाटेने आपण इथवर आलो, ती वाट कुणी खणून बघतं का? चाळीतल्या दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं.

तिने गच्चीवर जाऊन त्याला फोन लावला.

“दादा, तुझ्या फाईलमध्ये टेन्सरचा पिव्होट वेगळा आहे.”

पलीकडे क्लासचा गोंगाट होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि शांत झालं.

“माहितीये,” राजरत्न म्हणाला.

“माहितीये म्हणजे? कधीपासून?”

“माझा व्हायव्हा झाल्यावर लक्षात आलं. पेपर छापून आला होता. इथे फ्लेक्स लागला होता, माझा.”

“मग सांगितलं का नाहीस कुणाला?”

“कुणाला सांगू? पहिला होतो मी, अक्षू. ‘हे लोक कुठे चुकतात’ म्हणून टपून बसलेले असतात ना काही जण, त्यांच्या हातात आयतं देऊ? दुसरा कुणी चुकला तर तो एकटा चुकतो. मी चुकलो की आपली अख्खी चाळ चुकते.”

“आणि मला तीच फाईल दिलीस?”

“वाटलं, तू तपासशील.”

“तुझं?” अक्षताचा आवाज चढला. “तुझं कोण तपासणार, दादा?”

तो म्हणाला, “तुझं तू दुरुस्त कर. ते बरोबर आहे. फक्त माझं...” आणि तिथेच थांबला. फोन ठेवतानाही त्याने ते वाक्य पुरं केलं नाही.

इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते हे. गप्प राहावं, तर खोटा प्रबंध घेऊन आयुष्यभर ‘डॉ.’ म्हणून मिरवायचं. बोलावं, तर मॅडमचा पहिला प्रश्न येणार, फाईल कुठून आणलीस. मग राजरत्नचा पेपर उघडणार, अभ्यासिकेतला फोटो उतरणार आणि बकुळामावशी कुलूप उघडायला कुठल्या तोंडाने येणार? घरी तिने एवढंच सांगितलं की व्हायव्हा अजून लांबेल. गौतमराव लगेच मंडळात जाऊन आले. “फ्लेक्स काढायचा का, विचारलं. तर म्हणतात, लावताना कुणी विचारत नाही, काढताना सगळे विचारतात. राहू दे.” आई, कमल, पोळी लाटता लाटता म्हणाली, “तू टेन्शन घेऊ नको. एवढं शिकलीस, आता काय अडणार आहे?” अक्षता ताटावरून उठली. कुठे जावं ते कळेना, कारण गॅलरीसमोर ती स्वतःच उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. शैला मॅडम सरळ बाई. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघितले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मुख्य प्रकरण गेलं, अक्षता. परत लिहावं लागेल. निदान सहा महिने.”

“हो मॅडम.”

“पण स्वतःहून आलीस, हे चांगलं केलंस.” मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “ही फाईल राजरत्नची होती ना? मग त्याचंही तपासायला हवं.”

“नाही मॅडम,” अक्षता म्हणाली. ती इतक्या पटकन बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. “त्याची बरोबर होती. पिव्होट मी बदलला. सुरुवातीला काहीतरी करून बघत होते, ते तसंच राहिलं.”

मॅडमच्या टेबलाच्या कडेला जगदीश सर बसले होते, दुसऱ्या गटाचे. ते मान हलवत, अगदी मायेने म्हणाले, “होतं असं. पाया कच्चा असतो ना या मुलांचा. हळूहळू येईल.”

‘या मुलांचा’ म्हणजे कुठल्या मुलांचा, ते त्यांनी सांगितलं नाही. अक्षताला ते कळायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की नव्या आवृत्तीत आकडे हाताने भरून ही चूक पकडणारी मीच आहे. पण बोलायला तोंड उघडावं तर राजरत्नचं नाव बाहेर पडणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हा. ती “येते सर” म्हणून बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून रडली.

खाली उतरून तिने राजरत्नला मेसेज केला, ‘माझी चूक म्हणून सांगितलं. तुझं नाव नाही आलं.’ त्याने उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी संस्थेला सुट्टी नव्हती, पण काम सुचत नव्हतं. मुख्य प्रकरण मेलेलं, नवीन सुरू करायचा उत्साह नाही. पेनड्राईव्ह पुढ्यात होता. आपण कुणाला वाचवलं ते तरी बघावं, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिने राजरत्नचा जुना पेपर उघडला. त्याचं मॉडेल वेगळं होतं. तिने त्याची फाईल घेतली, टेन्सरचा पिव्होट स्केलरच्या जागी आणला आणि चालवायला लावली. चहा पिऊन येईपर्यंत उत्तर तयार होतं.

त्याचा निकाल टिकत होता.

त्याचं मॉडेल रेषेपासून मुळातच लांब, ऐसपैस आतल्या बाजूला होतं. पिव्होट दुरुस्त केल्यावर आकडा थोडा वर सरकला, पण रेषेच्या जवळपासही गेला नाही. पेपरातलं एक वाक्यदेखील बदलावं लागलं नसतं. तळटीप दिली असती तरी भागलं असतं. तीच चूक अक्षताला बुडवून गेली आणि त्याला तिने ओरखडासुद्धा काढला नव्हता.

अक्षता खुर्चीत मागे रेलली. म्हणजे मॅडमपुढे खरं सांगितलं असतं, तरी राजरत्नचं काही जाणार नव्हतं. तिने कारण नसताना खोटं बोलून स्वतःच्या हाताने कडी लावून घेतली होती. आणि राजरत्नने? एवढ्या वर्षांत त्याने एकदाही ते चालवून बघितलं नव्हतं. बघितलं नाही तोवर ते चुकलेलं नव्हतं ना! परदेशचं बोलावणं त्याने का नाकारलं, तेही आता तिला उमगलं. तिथे त्याला सगळं पुन्हा करून दाखवावं लागलं असतं. आईचं निमित्त झालं होतं.

हे त्याला सांगायचं की नाही? तिने रात्री ठरवलं, नाही सांगायचं. कल्याणच्या क्लासमध्ये तो रुळला होता. पेपर टिकतो, हे कळून आता त्याचा काय फायदा? गेलेली वर्षं थोडीच परत येणार होती!

जयंतीला दोन चाळींच्या मधल्या मैदानात मंडप पडला. निळ्या पताका, निळे फुगे, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून पहिल्या मजल्यावरून घरगुती स्टुलं आणलेली. त्रिशरण-पंचशील झालं. प्रमुख पाहुणे म्हणून राजरत्न आला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. स्टेजवर अक्षताच्या शेजारी बसला, पण तिच्याकडे बघेना. पहिल्या रांगेत गौतमराव आणि कमल, त्यांच्या शेजारी नवं पातळ नेसून बकुळामावशी.

राजरत्न बोलायला उठला. शिकवायची सवय, त्यामुळे माईकची भीती नाही. आधी अभ्यासिकेबद्दल बोलला, मग मुलांनी विज्ञानाकडे यावं म्हणाला. आणि मग:

“अक्षताच्या डिग्रीला थोडा उशीर होतोय, हे आपल्यातल्या काहींना माहीत असेल. का होतोय? तर तिच्याकडून एक चूक झाली.”

गौतमरावांनी मान वर केली.

“लपवली असती तर कुणाला कळलीही नसती. पण तिने स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं. चूक सगळ्यांची होते, मित्रांनो. ती कबूल करायला धैर्य लागतं. ते अक्षताकडून शिका.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गौतमरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत बसले होते. पोरीने चूक केली आणि ती आपल्याला भरल्या मंडपात, माईकवरून कळली, हे त्यांच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं.

अक्षताच्या डोक्यात तिडीक गेली. त्याची चूक तिने पदरात घेतली, एवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. वरून तो तिला चारचौघांत माफ करत होता! बरं, मुद्दाम करत होता असंही नाही. आपण तिचं कौतुकच करतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

सत्कार सुरू झाला. राजरत्नने संविधानाची प्रत तिच्या हातात दिली आणि शाल उलगडली. शाल घालायला तो वाकला तेव्हा त्याचा कान तिच्या तोंडाशी आला.

“दादा,” ती म्हणाली, “तुझा पेपर मी परत चालवला. पिव्होट दुरुस्त करून.”

शाल तिच्या एका खांद्यावर आली होती, ती तिथेच राहिली.

“तुझा निकाल टिकतो. तुझं मॉडेल रेषेपासून लांबच होतं. त्याला काही झालं नाही. तेव्हाही काही झालं नसतं.”

“नीट बघितलंस?” त्याने विचारलं.

“तासाभराचं काम होतं, दादा. एकदा बघायचं होतंस.”

हे वाक्य तिने लागावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि ते लागलं. पण लागल्यावर तिला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचा चेहरा असा होत असेल, याची तिला कल्पना नव्हती. राजरत्न तिच्याकडे बघत होता, पण त्याला ती दिसत नव्हती. तो मनातल्या मनात एकेक वर्ष मागे जात असावा. कल्याणचा क्लास, त्याआधीचा दुसरा क्लास, त्याआधी ते परदेशातून आलेलं पत्र. तिला वाटलं, हा आता इथेच खाली बसणार. तिने शालीखालून त्याचं मनगट धरलं.

“सर, शाल दोन्ही खांद्यांवर घाला ना,” खालून फोटोग्राफर म्हणाला. “आणि इकडे बघा.”

राजरत्नने शाल तिच्या दुसऱ्या खांद्यावर ओढली. मंडप अजून टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत बकुळामावशी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती, आणि शेजारच्या बाईला लेकाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. काय सांगत होती, ते स्टेजवर ऐकू येत नव्हतं, पण दोघांनाही ते पाठ होतं.

“आईला सांगू नको, अक्षू,” राजरत्न म्हणाला.

“नाही सांगणार,” अक्षता म्हणाली, आणि गप्प राहायची आणखी एक गोष्ट तिच्या पदरात पडली.